मोडलेल्या फडाचे रसिक

मोडलेल्या नाटक मंडळ्यांचे श्राद्ध घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. १९०८ सालची ललितकलादर्श घ्या, की १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी घ्या. त्यांच्या आठवणींवर मराठीत कपाट भरेल एवढी पुस्तके निघाली. त्यांतल्या गायकांच्या तबकड्या आहेत, नटांची छायाचित्रे आहेत, आत्मचरित्रे आहेत. पण तमाशाचा एखादा लहानसा फड मोडला, तर त्याची दखल कोण घेतो? वर्तमानपत्रात दोन ओळी येत नाहीत. तंबू आणि कनाती कर्जापोटी कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडतात, ढोलकी खुंटीला लागते आणि माणसे पोटामागे पांगतात. त्या फडाचे श्राद्ध कोणी घालीत नाही. सुतक मात्र काही माणसे जन्मभर पाळीत राहतात. ही माणसे म्हणजे त्या फडाचे रसिक.

आमच्या नांदेड-लातूरकडे असा रसिक शोधायला फार लांब जावे लागत नाही. देवळाच्या पारावर, आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर तो हमखास सापडतो. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्याच्यापुढे 'तमाशा' एवढा एकच शब्द उच्चारून पाहावा. म्हातारा आधी इकडेतिकडे बघतो, सूनबाई किंवा शाळेत जाणारा नातू आसपास नाही ना, याची खात्री करून घेतो, आणि मग काठी बाजूला ठेवून मांडी घालतो. काठी बाजूला ठेवली की समजावे, आता तास-दीड तासाची निश्चिंती झाली.

गंमत अशी, की त्याच्या बोलण्यात प्रसिद्ध नावे फार वेळ टिकत नाहीत. विठाबाई नारायणगावकरांचे नाव येते, तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचे येते, कवलापूरच्या काळू-बाळूंचे येते. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडे. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी हवालदार रंगवले आणि अवघ्या महाराष्ट्राला हसवले. त्यांना सगळ्यांनीच पाहिलेले असते, सगळ्यांनीच वाखाणलेले असते. म्हातारा त्यांना एक नमस्कार करतो आणि पुढे सरकतो. कारण त्याचा जीव गुंतलेला असतो तो दुसऱ्याच एका फडात. त्या फडाचे नाव तुम्ही-आम्ही कधी ऐकलेले नसते. चार हंगाम तो या भागात फिरला, पाचव्या हंगामात आला नाही. का आला नाही, हे म्हाताऱ्याला कळले नाही. त्याने वाट मात्र पाहिली.

या न कळण्याला एक कारण आहे. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. फड या भागातही निघाले. पण ज्यांचा बोलबाला झाला त्या मोठ्या फडांची नावे पाहिली, तर नारायणगाव, सातारा, कवलापूर अशी पुणे-सातारा-सांगलीकडची गावेच वाचायला मिळतात. तमाशाची पंढरी म्हणून नाव मिळाले तेही पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाला. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे कारभारी तिथे जाऊन यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात. तेव्हा आमच्या बाजूला येणारा फड हा बहुतेक वेळा परमुलखातला पाहुणा. रात्री खेळ करावा, पहाटे तंबू गुंडाळावा आणि उजाडण्यापूर्वी पुढच्या गावाची वाट धरावी. ट्रक धूळ उडवीत गेला, की रसिकाजवळ पत्ता नाही, ओळख नाही, चौकशीला जागा नाही. उरते ती फक्त एक रात्र.

ही रात्र जिथे हमखास लाभायची, ते ठिकाण म्हणजे माळेगाव. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढे हे गाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास तिथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो. वाघ्या-मुरळी येतात, वैदू येतात, घिसाडी येतात, भटक्या जमातींचे पालांवर पाल पडते. लातूरकडच्या शेतकऱ्याला ही तिथी आणखी एका कारणाने लक्षात राहते. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची अवस म्हणजे आमची येळवस, वेळ अमावस्या. त्या दिवशी माणसे शेतात जाऊन कोपीत पूजा मांडतात, भज्जी आणि अंबिलीचे जेवण करतात. एकीकडे काळ्या रानाची पूजा, दुसरीकडे पिवळा भंडारा. या दोन सणांच्या सांध्यावर तमाशाच्या कनाती उभ्या राहायच्या. पोटात अंबील आणि डोक्यात ढोलकी, अशा अवस्थेत थंडीच्या रात्री घोंगडे पांघरून माणसे मैदानाकडे निघायची.

जिल्हा परिषदेच्या वतीने माळेगावात अलीकडे लोककलांचे आणि लावणीचे महोत्सव भरवले जातात. त्यांना गर्दीही चांगली होते. पण म्हाताऱ्या रसिकाला विचारावे, तर तो मान हलवतो. महोत्सवात लावणी एकामागून एक येते आणि जाते. त्याला हवा असतो तो पुरा तमाशा.

पुरा तमाशा म्हणजे काय, हे आता समजावून सांगण्याची पाळी आली आहे. आधी ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी. हलगीवाला जाळावर हलगी शेकून कातडे ताणून घ्यायचा, एक टिपरी मारून कानोसा घ्यायचा, पुन्हा शेकायचा. तंबूबाहेर तिकिटासाठी ताटकळणाऱ्या माणसाला ही हलगी असे काही बोलावून घ्यायची, की खिशातला बाजाराचा पैसा खिशात ठरत नसे. मग गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गौळण, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि लुगडे नेसून पुरुषाने वठवलेली मावशी. मग बतावणी, मग लावण्यांची रंगबाजी, आणि मध्यरात्रीनंतर वग. शेवटी पहाटे मुजरा.

यातली खरी मेख आहे ती बतावणीत आणि वगात. वगाची गोष्ट ठरलेली असे, प्रवेश ठरलेले असत. पण संवादांची घोकंपट्टी नसे. सोंगाड्या उभा राहिला की त्या रात्री सुचेल ते बोलायचा. गावात शिरताना त्याने पाहिलेली खड्ड्यांची सडक, दुपारी चहाच्या दुकानात कानावर पडलेले पाटलाचे आणि सरपंचाचे भांडण, ज्वारीचा पडलेला भाव, आलेली किंवा न आलेली एसटी, हे सगळे त्या रात्री राजाच्या दरबारात हजर व्हायचे. पुढच्या गावी वग तोच, पण विनोद निराळे. म्हणून तर दर्दी माणूस एकच वग तीन गावांना जाऊन तीनदा बघे. घरच्यांना वाटे, याला वेड लागले. त्याला माहीत असे, की आपण तीन निरनिराळे खेळ पाहिले.

छापील नाटक मेले तर पुस्तकात उरते. वगाचे तसे नाही. काही नामांकित फडांच्या वगांच्या पुढे कॅसेटी निघाल्या, त्या घरोघर वाजल्या. पण लहान फडाच्या वाट्याला ते भाग्य कुठले? त्याचा सोंगाड्या अमुक गावात अमुक रात्री जे बोलला, ते ज्याने ऐकले त्याच्याचपाशी राहिले. कनातीत बसलेला तो श्रोता नुसता श्रोता नव्हता. त्या कलेची एकुलती एक प्रत त्याच्या डोक्यात उतरत होती. आपण काही जपून ठेवीत आहोत, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.

कनातीबाहेरही काही श्रोते असत. त्यांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. बायकांनी तमाशाला जायचे नाही, असा दंडक होता. पण आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. थंडीच्या रात्री आवाज लांबवर जातो. माळवदावर जाऊन गोधडीत गुरफटून बसले, की गौळणीची चाल कानावर येई, ढोलकीचे बोल येत. नाचणारीचा चेहरा दिसत नसे, सोंगाड्याचा आचरटपणा कळत नसे. फक्त सूर आणि ताल. सकाळी जात्यावर किंवा रानात खुरपताना तीच चाल वेगळे शब्द घेऊन ओठांवर येई. फडाची चाल अशी भिंत ओलांडून घरात शिरे आणि कोणाला पत्ता लागत नसे.

हे प्रेम एकट्या आपल्याकडचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या प्रारंभी गुराख्यांची गावरान गाणी आणि पंक नावाचे धसमुसळे शहरी संगीत यांची गाठ मारणारी काही वाद्यवृंद-मंडळी निघाली. 'रँक अँड फाइल' ही त्यांतलीच एक, १९८१ साली स्थापन झालेली. अशा मंडळ्या थोडा काळ गाजल्या आणि मोडल्या. प्रत्यक्ष खेळात जी मजा आली ती तबकडीत नाही, ही तिथल्या रसिकांचीही तक्रार. त्याच देशातल्या 'ग्रेटफुल डेड' या मोठ्या वाद्यवृंदाच्या रसिकांनी मात्र यावर तोड काढली. ते ध्वनिमुद्रक घेऊन मैफलीला जात, मुद्रणे एकमेकांना फुकट देत. वाद्यवृंदानेही १९८४ साली मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून दिली. १९९५ साली तो वाद्यवृंद थांबला. त्याची ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत दाखल झाली. एका रात्रीची मैफल, पण देशाने तिला ठेव मानले, आणि त्याआधी कितीतरी वर्षे रसिकांनी ती हातोहात फिरवून जिवंत ठेवली होती.

आमच्या म्हाताऱ्यापाशी ध्वनिमुद्रक नव्हता, हे खरे. परंतु आपल्याकडे आणि तिकडे फरक केवळ यंत्राचा आहे, असे म्हटले तर ती स्वतःची फसवणूक होईल. तिकडचा रसिक वादकांची नावे पाठ म्हणून दाखवील. आमच्या रसिकाला ढोलकीचा एकेक तुकडा तोंडाने वाजवून दाखवता येतो. पण ढोलकी वाजवणाऱ्याचे नाव विचारले, की तो घुटमळतो. 'होता बगा एक काळासावळा, लई वाजवायचा,' एवढ्यावर गोष्ट थांबते. नाचणाऱ्या बाईचे नाव आठवते, तेही फलकावर होते म्हणून. तिचे गाव कोणते, ती पुढे कुठे गेली, हे त्याने कधी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती.

रीत का नव्हती, याचे उत्तर आपल्या गावगाड्यात आहे. तमाशातील कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले. रात्री त्यांच्यावर दौलतजादा करायची, फेटे उडवायचे, 'पुन्हा एकदा' म्हणून घसा कोरडा करायचा; आणि सकाळी त्याच माणसांना पाण्यासाठी विहिरीपासून दूर उभे करायचे. असा हा व्यवहार होता. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे आपले शाहीर पठ्ठे बापूराव, ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले आणि पवळाबाईंबरोबर बोर्डावर उभे राहिले, तेव्हा समाजाने गहजब केला. ज्या लावण्यांवर महाराष्ट्र डोलला त्यांचा कर्ता १९४५ साली दारिद्र्यात गेला. आम्ही महाविद्यालयात त्यांच्यावर टिपणे लिहून देतो. हा भाग मात्र बहुधा एका वाक्यात उरकतो.

विठाबाईंची हकिगत तर महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या, मध्येच पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या हे ध्यानात आले, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले, असे म्हणतात. प्रेक्षकांच्या प्रेमाचा हा एक चेहरा. दुसरा चेहरा असा, की राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. त्यांच्या नावाने शासन आता जीवनगौरव पुरस्कार देते. एवढ्या मोठ्या बाईची ही कथा, तर चार हंगामांत मोडलेल्या फडातल्या बायकांचे काय झाले असेल? डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा नाचणाऱ्या बाईच्या मुलाने कनातीची पलीकडची बाजू वाचकांपुढे ठेवली. ते पुस्तक वाचल्यावर शिट्टी वाजवणाऱ्या हाताला थोडे थांबावेसे वाटते.

फड का मोडतात, हेही पाहायला हवे. मोठा फड म्हणजे शंभराच्या घरात माणसे, ट्रक, तंबू, दिव्यांची आणि ध्वनीची यंत्रणा. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते. त्यासाठी मालक कर्ज काढतो. एखादा अवकाळी पाऊस, एखादा दुष्काळ, की तिकीट-विक्री बसलीच. आणखी एक कारण फलकावरच लिहिलेले असे. 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर' अशी ही नावे. तो मधला 'सह' मोठा नाजूक शब्द. लहान फडात भांडण झाले, कोणी आजारी पडले, कोणी दुसऱ्याकडे गेले, की 'सह' गळायचा आणि फडही त्याच्याबरोबर. खुद्द तुकाराम खेडकर १९६४ साली वारले, तेव्हा कांताबाईंनी हालअपेष्टा सोसून पुन्हा फड उभा केला आणि पुढे मुलाच्या हाती दिला. सगळ्यांच्या अंगी असे बळ कोठून असणार?

चित्रपटानेही तमाशाला एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. १९७२ साली 'पिंजरा' आला. पांढरपेशा माणूस बायकामुलांसह लावणी बघू लागला, पण चित्रपटगृहात. पुढे व्हिडिओ आला, ऑर्केस्ट्रा आला, दूरचित्रवाणी आली. तरुण पोरांना गौळण नको, वग नको. चित्रपटातले गाणे हवे. फडांनी तेही करून पाहिले. गण-गौळण आखडली, वग पाऊण तासावर आला. २०२० आणि २०२१ साली करोनाने गावोगावच्या जत्रा बंद पाडल्या, तेव्हा तग धरून राहिलेल्या फडांचेही कंबरडे मोडले. नामांकित फड अजून उभे राहतात. लहानांपैकी कित्येक पुन्हा उठले नाहीत.

अभ्यासकांनी आपले काम केले नाही, असे मुळीच नाही. नामदेव व्हटकरांनी तमाशाच्या कलेवर आणि साहित्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या मराठवाड्यातच डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकरंगभूमीचा अभ्यास केला, डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी 'तमाशा लोकरंगभूमी' लिहिले. संदेश भंडारे यांनी कॅमेरा घेऊन फडांबरोबर हिंडून 'तमाशा : एक रांगडी गंमत' सिद्ध केले. पण ग्रंथ परंपरेचा असतो. एका गावातल्या एका रात्रीचा नसतो. ती रात्र लिहायची, तर ज्याने ती पाहिली त्याच्याकडेच जावे लागेल, आणि तो आता पिकले पान आहे.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. या दिवाळीत घरोघर पोरेबाळे गावी येतील. प्रत्येकाच्या खिशात आज असे यंत्र आहे, की ज्याच्यावर तासन् तास बोलणे मुद्रित होते. फराळाचे ताट पुढे सरकवून आजोबांना विचारावे : कोणता फड? कोणते साल? तंबू कोठे पडला होता? सोंगाड्या आपल्या गावाविषयी काय बोलला? आजीलाही विचारावे, माळवदावरून काय ऐकू आले होते ते. तिच्या ओठांवरची चाल म्हणून घ्यावी. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारावा : ढोलकीवाल्याचे नाव काय होते? बहुतेक वेळा उत्तर येणार नाही. पण शेजारच्या गावच्या म्हाताऱ्याला ते ठाऊक असू शकते. ज्या घरांतून हे कलावंत आले, त्या वस्तीत जाऊन विचारले तर हमखास ठाऊक असेल. फक्त तिथवर चालत जाण्याची आपल्याला सवय नाही.

रसिकाचे प्रेम खरे होते, यात शंका घ्यायला जागा नाही. थंडीत कोसभर चालत गेलेला, एकच वग तीनदा पाहिलेला, पन्नास वर्षांनंतरही हलगीची टिपरी जिभेने वाजवून दाखवणारा माणूस खोटा कसा असेल? पण त्या प्रेमाने एक देणे बाकी ठेवले आहे. दौलतजादाने ते फिटले नाही, कारण ती उधळण रूपावर आणि तालावर होती. देणे आहे ते नावाचे. ज्याची ढोलकी आठवते त्याचे नाव लिहून ठेवणे, ज्या बाईच्या अदेवर रात्र जागवली ती कोठली आणि तिचे पुढे काय झाले ते शोधणे, एवढे काम झाले तरी मोडलेल्या फडाला मुजरा केल्यासारखे होईल. मुजरा नेहमी कलावंतानेच करायचा, असे थोडेच आहे?